मडगार्ड काढले तो पावसाळा

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मी जे सांगणार आहे त्यात बराच वेळ मी कुणावर ना कुणावर चिडलेलीच आहे. बहुतेक वेळा दादावर. तरीसुद्धा आयुष्यातले मजेचे दिवस कोणते असं कुणी विचारलं, तर मी त्या पावसाळ्यांकडे बोट दाखवीन, जेव्हा आम्ही दर रविवारी सायकली घेऊन बोरिवलीच्या जंगलात चिखल तुडवायला जायचो.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. आमची कॉलनी बोरिवली पूर्वेला, आणि हायवे ओलांडला की राष्ट्रीय उद्यानाचं फाटक. आम्ही कुणी त्याला उद्यान म्हणत नव्हतो. जंगलच म्हणायचो. फाटकावर तेव्हा फारशी विचारपूस नसायची. तिथला पहारेकरी आम्हाला बघून नेमाने एकच विनोद करायचा, "वाघ दिसला तर घंटी वाजवा, बाजूला होईल." आणि आम्ही नेमाने हसायचो.

आता लोक या प्रकाराला माउंटन बाइकिंग म्हणतात. जाड टायरच्या, गियरच्या, किमतीचा आकडा ऐकून घाम फुटेल अशा सायकली असतात. आमच्याकडे होत्या त्या काळ्या, वजनदार, दूधवाले चालवतात तसल्या. माझी आणि माझ्या मैत्रिणीची तेवढी लेडीज. वजनाला म्हशी होत्या सगळ्या. चढावर ढकलायच्या, उतारावर देवाचं नाव घ्यायचं आणि मधे जिथे सपाट चिखल असेल तिथे जोर काढायचा.

हे सुरू केलं बँकवाल्यांनी. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधे राहणारे, पन्नाशीला आलेले, बँकेत नोकरी. डॉक्टरांनी त्यांना पोट कमी करायला सांगितलं होतं. त्यांनी सायकल घेतली आणि एकट्याने कंटाळा येतो म्हणून दादाला ओढलं. दादाने त्याच्या शाळेपासूनच्या मित्राला ओढलं, तो कांदिवलीच्या एका कारखान्यात फिटर होता आणि सगळी कॉलनी त्याला फिटरच म्हणायची. मी आपली आपणच घुसले. आणि मी एकटी मुलगी कशी जाणार म्हणून माझी मैत्रीण, महापालिकेच्या इस्पितळात नर्स होती, तिला मी ड्यूटीवरून उतरल्या उतरल्या पकडून आणायचे. बाकी बरेच आले आणि एका रविवारच्या चिखलातच शहाणे होऊन घरी बसले. आम्ही पाच टिकलो.

टार रोडवरून थोडं आत गेलं की आम्ही उजवीकडे पायवाटेला लागायचो. पाड्यावरची माणसं त्या वाटेने लाकूडफाटा आणायची, गुरं जायची, त्यामुळे वाट मळलेली असायची, पण पावसाळ्यात दर आठवड्याला तिचं रूप वेगळं. गेल्या रविवारी जिथून सुसाट गेलो तिथे या रविवारी गुडघाभर खड्डा. कारवीची झुडपं दोन्ही बाजूंनी अंगावर यायची. वर झाडांचं इतकं दाट छत की सकाळी नऊ वाजतासुद्धा आत दिवेलागणीची वेळ वाटायची. तळ्याकडे उघडणाऱ्या एका माळावर थांबायचं, डबे उघडायचे. फिटरच्या आईची भाकरी आणि ठेचा, आमच्याकडचे घावणे, नर्सची उकडलेली अंडी. बँकवाले बिस्किटाचा पुडा आणायचे आणि भाकरी खायचे.

एकच नियम होता. जो पडेल, त्याने परत आल्यावर कॉलनीच्या नळावर सगळ्यांच्या सायकली धुवायच्या. बँकवाले इतक्यांदा पडायचे की त्यांच्या बायकोने एक ब्रश खास नळावर टांगून ठेवला होता.

आता दादाविषयी. दादा माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. अंधेरीच्या एका औषध कंपनीत स्टोअरला होता. शांत माणूस, म्हणजे आमच्या घरात सगळं बोलायचं काम मी आणि आई करत असल्यामुळे त्याला दुसरा मार्गच नव्हता. आम्ही मूळचे मालवणकडचे. गिरणीची नोकरी सुटल्यावर बाबांनी परळची खोली विकून इथे दोन खोल्या घेतल्या. मी टेलिफोन एक्स्चेंजला लागले होते आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, त्यामुळे पोरगी रविवारी पुरुषांबरोबर जंगलात सायकल हाणते, हे आईच्या पचनी पडणं कठीणच होतं. तिने परवानगी दिली ती एकाच कारणासाठी. दादा बरोबर असायचा. दर रविवारी दारात उभी राहून ती त्याला सांगायची, "बहिणीर लक्ष ठेव रे. एकटीक सोडू नको."

आणि हा आज्ञाधारक प्राणी खरंच सोडायचा नाही. फिटर आणि नर्स पुढे, मग मी, माझ्या मागच्या चाकाला चिकटून दादा, आणि मग सावकाश धापा टाकत बँकवाले. मी जोर केला की दादा जोर करायचा. मी थांबले की तो थांबायचा. कधी मी मुद्दाम त्याला पुढे जायला सांगितलं तर म्हणायचा, "तू हो पुढे, मी आहे मागे." माझ्या डोक्याला असा काही ताप व्हायचा! एवढ्या मोठ्या जंगलात सुद्धा मला मोकळं सोडायला कुणी तयार नाही. नर्स मला चिडवायची, "तुझं शेपूट कसं आहे गं आज?"

एकदा मी त्याला सरळ सांगितलं, "तू माझा बॉडीगार्ड आहेस का रे? मी काय पळून जाणार आहे?"

"पळालीस तर आईचं काम होईल," तो म्हणाला. विनोद करून विषय टाळायची त्याची ही जुनीच खोड.

त्याच्या आणखीही खोडी होत्या, आणि त्या सगळ्यांवर माझ्याकडे उत्तर तयार होतं. तो आमच्याबरोबर थिएटरला यायचा नाही, तर मी म्हणायचे कंजूष. सेकंड शिफ्ट घ्यायचा नाही, तर आळशी. संध्याकाळी घरातल्या स्टुलाला रोज अडखळायचा आणि रोज स्टूल तिथे ठेवणाऱ्याला, म्हणजे मला, बोल लावायचा, तर वेंधळा. जिना उतरताना भिंतीला हात लावत उतरायचा. त्याबद्दल मी काय म्हणायचे आठवत नाही, पण नक्कीच काहीतरी म्हणत असणार.

त्या वर्षी पाऊस चिवट होता. चिखलही तसाच, गुळासारखा. मडगार्ड आणि टायर यांच्यामधे जाऊन तो असा बसायचा की चाक जागच्या जागी अडायचं. उतरायचं, काडी घेऊन चिखल कोरून काढायचा, चढायचं, परत पन्नास पावलांवर तेच. श्रावणातल्या एका रविवारी आम्ही निम्म्या वाटेतून परतलो आणि फिटर वैतागला. "वाट लागली यार," तो म्हणाला, "सायकल चालवायला येतो की कान कोरायला?" त्याने जाहीर केलं की पुढच्या रविवारी सगळ्यांची मडगार्ड काढायची. पुढची, मागची, सगळी. चाक मोकळं, मग चिखल अडकेलच कुठे?

पुढच्या रविवारी सकाळी तो पाने घेऊन कॉलनीच्या आवारात बसला. आम्ही रांगेने सायकली उलट्या करून ठेवल्या. दादा एकटाच विरोध करत होता, आणि काय कारण द्यावं त्याने? "कपडे खराब होतील."

सगळे इतके हसले की वरच्या गॅलरीतून लोक डोकावले. जो माणूस सदऱ्याला बटणं नीट लावत नाही, त्याला कपड्यांची काळजी! "नवरदेव झालाय," बँकवाले म्हणाले. दादाने मग आणखी एक कारण काढलं, की गंज लागेल. मग तिसरं, की पाठीला सर्दी होते. शेवटी तो म्हणाला, "निदान हिचं तरी राहू दे, मुलीच्या जातीला बरं दिसत नाही पाठभर चिखल." इथे माझं डोकं फिरलं. मी फिटरच्या हातातून पाना घेतला आणि माझं मागचं मडगार्ड स्वतः काढलं.

त्या दिवशी आम्ही अक्षरशः उडत गेलो. चाकं मोकळी, सायकल हलकी, चिखलाचा फवारा मानेपासून कमरेपर्यंत. नर्स पुढे ओरडत होती, फिटर गात होता. मी इतकी खूश होते की दादालाही माफ केलं असतं, पण तो मला तशी संधीच देईना. नेहमीपेक्षा जास्त चिकटला होता. दोनदा त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला घासलं.

"दादा, मागे राहा ना रे! पाडशील मला!"

"हो, हो," तो म्हणाला, आणि लगेच पुन्हा घासलं.

पुढे वाट नाल्याच्या काठाने जाते आणि एकदम डावीकडे वळते. मला ते वळण आवडायचं. मी दात आवळून पायडल मारलं, वळले आणि तशीच निघाले. मागून काहीच आवाज आला नाही. मग कारवीची झुडपं मोडल्याचा आवाज आला आणि मग पाण्यात काहीतरी जड पडल्याचा.

मी सायकल टाकून धावत मागे आले. दादा वळलाच नव्हता. सरळ गेला होता, झुडपांतून आरपार, काठावरून खाली नाल्यात. फार खोल नव्हतं, मांडीपर्यंत पाणी. तो काठाच्या चिखलात बसला होता, कपाळ खरचटलं होतं. मी वरून ओरडायला तोंड उघडलं आणि तशीच थांबले. त्याची सायकल त्याच्या डाव्या बाजूला पडली होती, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ. आणि दादा उजवीकडे चाचपत होता. दगडांवरून, पाण्यातून, गवतातून हात फिरवत सायकल शोधत होता.

"दादा," मी म्हटलं, "डावीकडे."

त्याने मान वळवली, सायकल दिसली, आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बघितलंय हे त्याला कळलं.

मी खाली उतरले आणि त्याच्याजवळ बसले. तो म्हणाला, "तुझ्या मडगार्डवर तो पांढरा पट्टा असतो ना मागे. तो दिसायचा मला. त्याच्यामागून यायचो." मग म्हणाला, "वाट नाही दिसत गं. इथे आत आलं की नाहीच दिसत. उजेडात समोरचं दिसतं, बाजूचं नाही."

कधीपासून, तर खूप दिवसांपासून. लहानपणी संध्याकाळी अंगणात ठेचकाळायचा तेव्हा आईने शेवग्याचा पाला आणि गाजरं खाऊ घातली होती, आणि मग सगळ्यांनी ते बरं झालं असं धरून चालायचं ठरवलं. त्यानेही. गेल्या दोन-तीन वर्षांत वाढलं होतं.

मला रडू यायला हवं होतं, पण मला राग आला. खरंच सांगते, त्याच्या कानाखाली वाजवावी इतका राग आला. "मग मरायला येतोस कशाला जंगलात?" मी ओरडले.

त्याने शांतपणे सायकलचं हँडल सरळ केलं. "घर मला पाठ आहे," तो म्हणाला. "स्टेशन पाठ आहे, स्टोअरमधलं एकेक फडताळ पाठ आहे. तिथे मला बघावंच लागत नाही. ही वाट दर आठवड्याला बदलते. इथे आलं की बघावं लागतं. जेवढं दिसतंय तेवढं इथे वापरून घेतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "घरी सांगू नको. हे तेवढं बंद होईल."

म्हणजे इतके दिवस तो माझ्यावर पहारा करत नव्हता. मी त्याला वाट दाखवत होते, आणि वर त्याच्यावर खेकसतही होते. हे डोक्यात शिरायला मला घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला. तोवर बँकवाले मागून आले, फिटर आणि नर्स पुढून परत आले, आणि सगळ्यांना सगळं कळलं. परतताना आम्ही सायकली हातात धरून चालत आलो. कुणी गात नव्हतं.

कॉलनीच्या नळावर फिटर ब्रश उचलायला गेला तर दादा म्हणाला, "पडलो मी. नियम म्हणजे नियम." त्याला नको म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. त्याने पाचही सायकली धुतल्या. नर्सने तेवढी कपाळावर पट्टी लावायची परवानगी मिळवली. तो आरा न् आरा हाताने चाचपून धूत होता आणि आम्ही चौघं बाजूला उभे राहून उगाच हवापाण्याच्या गप्पा मारत होतो.

मी घरी सांगितलं. त्याच दुपारी, जेवण झाल्यावर, त्याच्यासमोर. असल्या गोष्टी पोटात ठेवणं मला जमत नाही, आणि ठेवू नयेत असंही मला वाटतं. आईने आधी माझ्यावर तोंड सोडलं, मग जंगलावर, मग ज्याने सायकल काढली त्याच्यावर. मग दादाकडे वळली. "माका कित्याक सांगूक नाय रे आदी?" एवढं म्हणून ती रडायला लागली. बाबा उठले आणि ते स्टूल उचलून त्यांनी पलंगाखाली सरकवलं.

नर्सने तिच्या इस्पितळात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायची सोय केली. ते म्हणाले, पडद्याचा आजार आहे. आधी अंधारातलं जातं, मग कडेचं, मधलं बरीच वर्षं टिकू शकतं. औषध नाही. दादाने एकच प्रश्न विचारला, की सायकल चालवली तर लवकर जाईल का. डॉक्टर म्हणाले, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, पण पडून हाडं मोडाल. दादा म्हणाला, ते चालेल.

आईला ते चालणार नव्हतं. "आता कोणीच खंय जावचा नाय," तिने फर्मान काढलं. दादाने जायचं नाही, आणि तो नाही म्हणून मीही नाही. दोन्ही सायकली जिन्याखाली बंद. दादाने वाद घातला नाही, हेच वाईट होतं. रविवारी सकाळी उठून तो गॅलरीत बसायचा आणि पेपर हातात धरायचा. पान उलटायचा नाही. मी त्याच्याशी भांडण उकरून काढायचे, त्यातही त्याचं लक्ष नसायचं. घरात तो इतका अचूक वावरायला लागला होता की बघवत नव्हतं. प्रत्येक वस्तू जागच्या जागी, कशालाही धक्का नाही, आणि एवढं करून माणूस गप्प.

तिकडे बाकीचे तिघं मात्र कामाला लागले होते. त्यांची कल्पना अशी की दादाला पुढच्या सायकलचं काहीतरी पांढरं दिसलं म्हणजे झालं. बँकवाल्यांनी बायकोच्या जुन्या पांढऱ्या पातळाचा तुकडा फिटरच्या कॅरियरला बांधला. मडगार्डशिवाय चाकाने उडवलेला चिखल त्याच्यावर बसून तो दोन मिनिटांत चॉकलेटी झाला. मग फिटरने पत्र्याचा तुकडा पांढरा रंगवून बसवला. त्याचीही तीच गत. म्हणजे मडगार्डला पर्याय नव्हता. मग फिटरने लांब पट्ट्या ठोकून मडगार्ड चाकापासून वर उचलून बसवली, म्हणजे चिखल निदान उशिरा अडकेल, आणि टोकाला नवा पांढराशुभ्र पट्टा मारला. आता याचा उपयोग होतो का, हे बघायचं कसं?

हे बँकवाल्यांनी अंगावर घेतलं. त्यांनी काळा गॉगल लावला, त्याच्या काचांवर कागद चिकटवले, कागदाला मधोमध बोटभर भोक ठेवलं, आणि तो घालून ते जंगलात फिटरच्या मागे सायकल चालवत निघाले. नर्स सांगते की वाटेने येणाऱ्या एका पाड्यावरच्या बाईने डोक्यावरची मोळी खाली ठेवली आणि ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली. बरंच अंतर ते छान गेले. मग त्यांनी खुशीत येऊन फिटरला "झकास!" असं सांगायला मान वर केली आणि सागाच्या झाडावर जाऊन आदळले.

त्या दुपारी ते तिघं आमच्याकडे आले. बँकवाल्यांच्या नाकावर केवढी तरी मोठी पट्टी. आईने दार उघडलं.

"ह्या नाकाक काय झाला?"

बँकवाले पहिल्यांदा काही सांगायला तयार नव्हते. मग फिटरने सगळं सांगितलं, गॉगल, भोक, सागाचं झाड. नर्सने तो गॉगल पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. आईने तो उचलला, डोळ्यांना लावला आणि त्या भोकातून तिने आमची खोली बघितली. भिंत बघितली, बाबांना बघितलं, मग मान हळूहळू फिरवत दादाला शोधलं. बराच वेळ तिने तो काढला नाही. काढला तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण तोंडाने ती बँकवाल्यांनाच बोलली, की या वयात तुम्हाला अक्कल कशी नाही, आणि बसा, चहा टाकते.

चहा देताना तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. कपबशा मांडत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू फुडे असलंस तरच तेका सोडतंय. मागे वळान बघीत रव."

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. पंचविशी ओलांडलेली मी, टेलिफोन एक्स्चेंजमधे बायकांची शिफ्ट सांभाळणारी, पण घरातून कुठेही जायचं तर कुणाच्या तरी भरवशावर जायचं, ही माझी रीत. आज पहिल्यांदा माझ्या भरवशावर कुणाला तरी पाठवत होते. माझी छाती अभिमानाने अशी फुगली की मी आईशी त्या दिवशी एकदाही भांडले नाही.

भाद्रपद लागला होता, गणपती होऊन गेले होते. जंगलात तेरडा फुलला होता, वाटेच्या दोन्ही कडा गुलाबी. पाऊस उघडझाप करत होता आणि चिखल अजून भरपूर. फिटरने आमच्या सायकलींचीही मडगार्ड उचलून बसवली, माझ्या पट्ट्यावर तर रंगाचे दोन हात मारले. प्रत्येकाच्या कॅरियरला चिखल कोरायची एकेक काडी बांधलेली. निघालो तेव्हा आई दारात उभी होती, तिने मला नुसती मान हलवून दाखवली.

मी तिला दिलेला शब्द पाळला. पाळला म्हणजे किती, तर पायवाटेला लागल्यापासून मी अंडी घेऊन चालल्यासारखी सायकल चालवत होते. खड्डा आला की आधी ओरडायचे, "खड्डा!" मूळ आलं की "मूळ!" वळणावर तर पाय टेकून थांबायचे आणि त्याला वळताना बघायचे. दर दहा पावलांवर मान मागे. फिटर आणि नर्स केव्हाच दिसेनासे झाले. मागून बँकवाले येऊन आम्हाला गाठायला लागले, जे आजवर कधी घडलं नव्हतं. दादा एक शब्द बोलत नव्हता. मला वाटलं, घाबरला असेल.

नाल्याच्या त्या वळणाआधी मी पुन्हा थांबले आणि म्हटलं, "दादा, इथे उतरूया का? हातात धरून नेऊ."

"ए बाई," दादा म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला चिडलेला बघत होते. "नीट चालव नाहीतर घरी जा. मी आंधळा होणार आहे, म्हातारा नाही झालो."

बँकवाले मागे थबकले आणि उगाच आपली चेन तपासायला लागले. मला काय बोलावं सुचेना. मला! मग मला तोच ओळखीचा राग आला, नाकाच्या शेंड्यापर्यंत, आणि त्या दिवशी तो आला याचं इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. "असं होय? ये मग," मी म्हटलं, आणि पायडलवर उभी राहून निघाले.

मागे बघितलं नाही. वळण घेतलं, तेरड्यातून गेले, उतारावर ब्रेकला हात लावला नाही. खाली नाल्याचं पाणी वाटेवरून वाहत होतं, त्यातून तशीच गेले, दोन्ही बाजूंना कारंजं उडालं, डोळ्यांत चिखल, तोंडात चिखल. मागे त्याच्या चेनचा खडखडाट ऐकू येत होता, मग पाण्याच्या आवाजात तो बुडाला. पलीकडच्या चढावर येऊन मात्र मला राहवेना. मी करकचून ब्रेक लावला आणि मागे वळले.

तो आलाच. पाण्यातून, चिखलातून, मान पुढे काढून, नजर माझ्या चाकावर रोवून, आणि जोरात असल्यामुळे त्याला थांबताही आलं नाही. त्याचं पुढचं चाक माझ्या मडगार्डवर दणकन आपटलं आणि आम्ही दोघं हेलपाटलो.

"काय गं," तो धापा टाकत ओरडला, "थांबलीस कशाला?"